नालवाली टोळी

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या घराघरांत एक प्रश्न येऊन बसतो. त्याला कुणी बोलावत नाही आणि त्याच्याकडं कुणी डोळे वर करून बघतही नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काय करायचं?

ऊसतोडीला निघायचा दिवस उजाडतो. दारात ट्रॅक्टर उभा राहतो. ट्रॉलीत कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, पिठाचं पोतं, कोयते, शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि लेकरं चढतात. कारखान्याला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच आपल्याकडं एक कोयता म्हणतात. ज्याला वाकता येतं तो ट्रॉलीत चढतो. जो वाकूनच चालतो तो खाली राहतो.

नांदूरघाटापासून आत गेलं की एक वाडी लागते. तिथल्या रुक्मिणीबाई अशाच खाली राहिलेल्या. सारी उमर त्यांनी ऊस तोडला, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढवली. त्यांचे मालक उसाच्या फडातच वारले. पुढं गुडघे गेले आणि त्यांचा कोयता मुलगा अभिमन्यू आणि सून मनिषा यांच्या हातात गेला. दरसाल त्या दारात उभ्या राहून हात हलवायच्या. ट्रॅक्टर वळणाआड गेला, की गल्लीकडं न बघता त्या घाईनं आत शिरायच्या.

रिकाम्या गल्लीची भीती कशी असते ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. भर दुपारी एका ओळीत सगळ्या दारांना कुलपं. भांड्याचा आवाज नाही, लेकराचं रडणं नाही. कुत्रीसुद्धा तोडकऱ्यांच्या मागं गेलेली. आपलाच खोकला भिंतीवर आपटून परत येतो आणि माणूस दचकतं. रुक्मिणीबाई दिवस मावळायच्या आत दाराला कडी लावायच्या आणि आत बसून त्या कडीकडंच बघत राहायच्या.

मागल्या हंगामात जे घडलं, त्यानंतर तर ती भीती त्यांच्या हाडात जाऊन बसली. न्हाणीपाशी पाय घसरला आणि त्या कंबरेवर पडल्या. उठता येईना. पाण्याचा माठ समोर दिसत होता, पण हात पोचत नव्हता. त्यांनी हाका मारल्या. कुणाला मारणार? गल्लीत दुसरं उघडं घर एकच, शेजारच्या विठ्ठलरावांचं, आणि त्यांना ऐकू कमी. रात्र गेली, दिवस उजाडला, तो दिवसही मावळला. तोंडात जीभ लाकडासारखी झाली. मुंग्या अंगावर चढल्या, त्या झटकायलाही जोर उरला नाही. 'मी मेले तर अभिमन्यूला वासावरून कळंल,' एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं.

चौकात किराणा दुकान चालवणारी महादेवीअक्का रोजचं गिऱ्हाईक दिसलं नाही म्हणून शोधत आली, म्हणून त्या वाचल्या. शुद्धीवर आल्यावर रुक्मिणीबाईंचा पहिला शब्द काय होता?

"अभिमन्यूला सांगू नका."

"कावून?" अक्कानं विचारलं.

"काम टाकून येईल तो. मुकादम त्याला पुन्ना टोळीत घ्यायचा न्हाई."

अक्कानं तोंड बंद ठेवलं, पण तिचं डोकं बंद राहिलं नाही. पुढच्या दिवाळीनंतर तिनं सरपंचाच्या मागं लागून समाजमंदिराची किल्ली मिळवली. ज्यांची पोरं तोडीला जातात त्या म्हाताऱ्यांनी हंगाम संपेपर्यंत तिथं एकत्र राहायचं, एका चुलीवर शिजवायचं, एका छताखाली झोपायचं. हातीपायी धड असलेल्यानं पडलेल्याला उठवायचं. ऊसतोडीला जशी टोळी तशी ही मागं राहिलेल्यांची टोळी, आणि तिची मुकादम महादेवीअक्का!

अभिमन्यूला हे आवडलं नव्हतं.

"आपलं घर असताना दुसरीकडं कशाला? लोक म्हणतील, पोरानं मायला आश्रमात टाकलं."

रुक्मिणीबाईंनी त्याचे हात धरले. "जाऊ दे की रे. तिथं सोबत हाय."

"जा. पण गावात आपलं नाव जाईल असं काही करायचं न्हाई. तसं काही कानावर आलं, तर मी स्वतः येऊन तुला घरी आणून बसवीन."

तो सहज बोलून गेला. पण त्या दिवसापासून रुक्मिणीबाई काचेच्या भांड्यासारख्या जपून वागू लागल्या. कारण घरी बसवणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. त्यालाच ठाऊक नव्हतं.

विठ्ठलराव मात्र टोळीत आले नाहीत. "मी काय अनाथ हाय का? माझा गहिनीनाथ जित्ता हाय," असं म्हणून ते आपल्या शेळीसोबत घरीच राहिले.

आता या टोळीच्या पायांत नाल कसे आले ते सांगतो.

टोळीत तात्याबा होता. जन्मभर बैलांना नाल ठोकणारा. पूर्वी हंगामाच्या तोंडावर त्याच्या अंगणात बैलांची जत्रा भरायची. बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुराला लोखंडी नाल ठोकायचा, म्हणजे डांबरी रस्त्यावर खूर झिजत नाही. मग ट्रॅक्टर आले आणि तात्याबाचा नालाचा डबा गंजत पडला. एके दिवशी अक्काच्या वहाणेची टाच झिजून वाकडी झालेली बघून त्यानं एक जुना नाल ठोकून पातळ केला आणि तिच्या टाचेला नि चवड्याला बारीक खिळ्यांनी बसवून दिला. अक्का उठून चालायला लागली, तर समाजमंदिराच्या शहाबादी फरशीवर टाक्‌-टाक्‌ असा खणखणीत आवाज!

"अगं बया, बैल आत शिरला का काय!" कुणीतरी ओरडलं.

"बैल न्हाई, मुकादम आलाय. उठा, कामाला लागा," अक्का म्हणाली, आणि तिनं मुद्दाम अजून दोनदा पाय आपटला.

थंडीचे दिवस होते. बसून बसून सगळ्यांचे पाय बधिर व्हायचे. तात्याबानं हळूहळू सगळ्यांच्या वहाणांना पट्ट्या ठोकल्या आणि रोज सांजच्याला पाय आपटायचा खेळ सुरू झाला. आधी नुसताच गोंगाट. मग कोपऱ्यातून रुक्मिणीबाईंचा पाय हलला. भरलेली मोळी डोक्यावर घेऊन डुगडुगत्या फळीवर चढताना पाय कसा टाकायचा, ते त्यांचं शरीर विसरलं नव्हतं. आधी चवडा चाचपायचा, मग टाच रोवायची, मग दम धरायचा आणि पुढचा पाय. त्यांनी ते फरशीवर करून दाखवलं आणि त्यातून असा काही ठेका निघाला की बाकीच्यांचे पाय थांबले.

"रुक्मिणे, हे काय गं! पुन्ना कर!" अक्का म्हणाली.

रुक्मिणीबाई भानावर आल्या आणि मटकन खाली बसल्या. "नको अक्का. कुंकू पुसलेल्या बाईनं नाचावं का? कुणी बघितलं म्हंजी?"

"मी बी तशीच हाय की. आमचे मालक गेले तवा मला बी लोक म्हणले, कोपऱ्यात बस. मी कोपऱ्यात बसले असते तर दुकान कुणी चालवलं असतं? तू मोळी घेऊन फळीवर चढायचीस, तवा कुणी इचारलं का, की बाईनं एवढे पाय उचलावे का? कामाला पाय चालतात, मग आनंदाला कावून चालत न्हाईत?"

या प्रश्नाचं उत्तर तुमच्या-माझ्याकडं तरी आहे का?

त्या नाचू लागल्या, पण दार लावून. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की थांबायच्या. तरी गुडघ्याची कळ कमी झाली, रात्री झोप लागू लागली. आष्टीहून लेकीकडं राहायला आलेली एक आजी तर लेकीला म्हणाली, "मला हितंच राहू दे, हितं पायाला जीभ फुटलीया."

शेजारच्या अंगणवाडीची सुनिता कौतुकानं बघायला येई. संक्रांतीला तिनं मोबाईलवर त्यांचा नाच टिपला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. तिच्या मनात काही वावगं नव्हतं. पण गावाचा ग्रुप गावात थोडाच राहतो? तो फडाफडांत पोचतो.

दुसऱ्या दिवशी अभिमन्यूचा फोन आला.

"माय, तू नाचतीस म्हणं?"

रुक्मिणीबाई फोन घेऊन कोपऱ्यात सरकल्या.

"विठ्ठलअण्णाचा गहिन्या साऱ्या टोळीला मोबाईल दाखवत फिरतोय. 'अभ्या, तुझ्या मायनं पायात चाळ बांधले बे!' म्हणतोय. बाया तोंडाला पदर लावून हसतात. मनिषा कोपीतून बाहेर निघंना. मुकादमाला सांगून मी उद्या येतोय. तुझं बोचकं बांधून ठेव."

फोन बंद झाला. रुक्मिणीबाईंनी वहाणा काढल्या आणि घोंगडीखाली सारल्या. डोळ्यांपुढं तीच न्हाणी, तोच माठ, तीच कुलपांची ओळ. रात्री त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं.

"खरं काय ते सांगून टाक त्याला," अक्का म्हणाली.

"सांगितलं तर तो तोड सोडून घरी बसंल. न्हाई सांगितलं तर मी घरी बसते. अक्का, माझं दोन्हीकडून मरण हाय गं."

सकाळच्या एसटीनं अभिमन्यू आला. अंगावर उसाच्या पात्यांचे ओरखडे, डोळे तांबडे. त्यानं कुणाला रामराम केला नाही. आईचं बोचकं उचललं.

"चल."

अक्का दारात आडवी उभी राहिली. "पोरा, पाणी तर पी. नाचली म्हणून काय झालं? चोरी केली का तिनं?"

"अक्का, तुमी मधी पडू नका. तुमचं दुकान हाय, तुमाला कोण बोलतंय? फडात तोंड मला दाखवायचंय."

"फडातल्या लोकांपुढं तोंड दाखवायला माय अंधारात ठिवणार का?"

"अंधारात कावून? घर हाय तिचं! आपल्या घरात माणूस सुखात राहतं."

रुक्मिणीबाई मान खाली घालून त्याच्या मागं निघाल्या. तात्याबा चौकापर्यंत त्यांच्या मागं चालत गेला.

गल्ली तशीच होती. कुलूप, कुलूप, कुलूप. दोघांच्या पावलांशिवाय आवाज नाही. अभिमन्यूनं घराचं दार उघडलं. आतून कोंदट, गार वास आला. तो आत गेला, पण आई उंबऱ्याबाहेरच उभी. तिनं चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि तिचं सारं अंग कापत होतं.

"आता रुसून काय व्हायचंय? ये आत."

"येते रे... येते," त्या म्हणाल्या, पण पाय उचलेना.

तेवढ्यात शेजारून शेळी ओरडली. साधं ओरडणं नव्हतं ते. घसा बसलेला, कोरडा आवाज. शेळीला पाणी मिळालेलं नव्हतं! रुक्मिणीबाईंनी मान वळवली. विठ्ठलरावांच्या अंगणाच्या दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, आतून कडी होती.

"अभिमन्यू, अण्णाला हाक मार."

"ऐकू कुठं येतंय त्याला?"

"हाक मार म्हणते ना!"

आईचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं दार बडवलं. "अण्णा! ओ विठ्ठलअण्णा!" उत्तर नाही. त्यानं कानोसा घेतला. आत काहीतरी खरवडल्यासारखं झालं, जणू कुणी नखानं जमीन ओरखडतंय. तो गडग्यावरून चढून अंगणात उतरला आणि मायला आत घ्यायला त्यानं दाराची कडी काढली.

घरात विठ्ठलराव चुलीजवळ आडवे पडले होते! एक पाय वाकडा झालेला. धोतर ओलं. डोळे उघडे होते आणि ते दाराकडं लागलेले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. किती वेळ ते तसे पडून होते, देवालाच ठाऊक.

अभिमन्यू माठाकडं धावला, तांब्या भरून त्यांच्या तोंडाला लावू लागला.

"थांब!" रुक्मिणीबाई खाली बसल्या. त्यांनी पदर पाण्यात भिजवला आणि अण्णांच्या ओठांवर हळूहळू टेकवला. "एकदम देऊ नको, ठसका लागंल. आधी जीभ ओली होऊ दे. मुंग्या झाड त्याच्या अंगावरच्या. आन पाय हलवू नको, जीव जातो माणसाचा."

"माय, तुला हे सारं कसं ठावं?"

त्यांनी वर बघितलं. एवढे दिवस ज्या गोष्टीला त्या भीत होत्या, ती आता त्यांच्या तोंडून सहज निघाली. "मी बी अशीच पडले होते. मागच्या साली. आपल्याच घरात. तू तोडीला गेलतास तवा."

अभिमन्यूच्या हातातला तांब्या जमिनीवर पडला.

अरे देवा! ज्या घरात आई सुखात आहे असं समजून तो कारखान्यावर निवांत झोपत होता, त्याच घरात ती पाण्यावाचून तडफडत होती! आणि आज तो स्वतःच्या हातानं तिला तिथं परत कोंडायला आला होता! आपण रुसवा समजलो ते तिचं कापणं कशाचं होतं, हे त्याला आत्ता कळलं.

त्यानं समाजमंदिराकडं धाव घेतली. अक्कानं फोन फिरवला, तात्याबानं बाज आणली, जीप आली. विठ्ठलरावांना दवाखान्यात पोचवलं. मांडीचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून एखादा दिवस गेला असता तर हाती काही लागलं नसतं.

दवाखान्याच्या पायरीवर बसून अभिमन्यूनं गहिनीनाथाला फोन लावला. तिकडून हसण्याचा आवाज आला.

"काय बे अभ्या, बसवलं का मायला घरी? चाळ काढले का न्हाई?"

"गहिन्या, अण्णा पडलाय."

"आँ?"

"घरात पडला होता. एकटाच. कुणाला पत्ता न्हाई. मी मायला कोंडायला आलतो म्हणून तुझा बाप सापडला." अभिमन्यू पायरीवरून उठून उभा राहिला. "न्हाईतर तू आपला मोबाईल दाखवत बसला असतास बे."

तिकडचं हसणं थांबलं. मग गहिनीनाथ, सगळ्या फडाला हसवणारा गहिनीनाथ, लहान लेकरासारखा रडू लागला.

संध्याकाळी घरच्या ओट्यावर अभिमन्यू आईपाशी बसला.

"माय, मला सांगितलं कावून न्हाईस?"

"भ्या वाटलं."

"माझ्या रागाचं?"

"राग काय, येतो नि जातो. पोरा, या वयात मरणाचं एवढं भ्या वाटत न्हाई. लेकराला आपण जड होऊ, त्याचं वाटतं."

अभिमन्यूनं तिचे भेगाळलेले पाय आपल्या मांडीवर घेतले. मग त्यानं बोचकं पुन्हा उचललं आणि स्वतः तिला समाजमंदिरात पोचवलं. सगळ्यांदेखत तो अक्काला म्हणाला, "अक्का, चुकलो मी. माझ्या मायला हितंच राहू द्या. आन तिला पाय आपटू द्या, दार उघडं ठिवून."

"मुकादमाला इचारल्याबिगर माणूस नेतोस, पुन्ना आणतोस," अक्का डोळे पुसत म्हणाली. "आता दंड भर. बस, आन बघ आमचा नाच."

त्यानं बघितला. आई पहिल्यांदा दबकत उठली, तिनं लपवलेल्या वहाणा पायांत घातल्या, दाराकडं एकदा बघितलं, आणि मग फरशी वाजू लागली. अभिमन्यूनं मोबाईल काढला, फडावर फोन लावला आणि फरशीवर ठेवून दिला. "ऐका रे," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून हा रिवाज पडला. तोडकरी फडावरून कोपीवर आले की समाजमंदिरात फोन वाजतो. तो फरशीवर ठेवतात आणि टोळी नाचते. तिकडं भाकरी थापता थापता बाया कान देतात. प्रत्येकाला आपल्या माणसाचं पाऊल ओळखू येतं. विठ्ठलराव आता तिथंच राहतात. नाचता येत नाही, म्हणून तात्याबानं त्यांच्या काठीच्या टोकाला नाल ठोकून दिलाय. "तो बघा आमचा अण्णा, सारा ठेका बिघडवतोय," असं गहिनीनाथ साऱ्या टोळीला सांगतो. आणि ज्या दिवशी एखादं पाऊल ऐकू येत नाही, त्या दिवशी शंभर कोसांवरून आधी प्रश्न येतो, "आज आमची म्हातारी कुठाय?"

रुक्मिणीबाईंची भीती सगळी गेली असं मी म्हणणार नाही. त्या गल्लीत त्या अजून एकट्या जात नाहीत. पण आता भीती वाटली तर त्या ते बोलून दाखवतात, आणि ऐकणारं माणूस जवळ असतं.

बंधुभगिनींनो, पोटासाठी परमुलखात जावं लागतं, त्यात कुणाचा दोष नाही. दोष आहे तो दुसरीकडं. म्हातारं माणूस घरात आहे म्हणजे सुखरूप आहे, असं आपण समजतो. ते गप्प आहे म्हणजे समाधानी आहे, असं समजतो. आणि ते हसलं, नाचलं, मोठ्यानं बोललं, की आपल्याला लाज वाटते! लाज वाटायची असेल तर त्यांच्या एकटेपणाची वाटू द्या. लोक काय म्हणतील याची काळजी करणाऱ्यानं एक ध्यानात घ्यावं, पडलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायला ते लोक येत नाहीत.

तुमच्याही गल्लीत आतून कडी लावलेलं एखादं दार असेल. उद्या सकाळी जाऊन ते वाजवा. आतून आवाज आल्याशिवाय तिथून हलू नका.